धावडा, घाटी, ४१९

वस्तूला नाव कोण देतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. वस्तू गोळा करणारा, ती वाहून नेणारा, विकणारा, तिच्यावर कर बसवणारा आणि तिचे पृथक्करण करणारा असे सगळेच आपापल्या सोयीने तिला नाव देत असतात. त्यांपैकी कोणाचे नाव टिकले यावरून त्या व्यवहारात शब्द कोणाचा चालत होता, हे बऱ्याच अंशी कळते. या लेखात आम्ही अशाच एका वस्तूच्या तीन नावांचा मागोवा घेणार आहोत. वस्तू अगदी घरगुती आहे : डिंक. थंडी पडू लागली की ठाण्याच्या नौपाड्यातल्या किराणा दुकानांत खारीक, खोबरे, खसखस आणि अळीव यांच्या शेजारी डिंकाची पाकिटे दिसू लागतात, आणि जाणते गिऱ्हाईक असेल तर 'बाभळीचा की धावड्याचा?' असा प्रश्न हमखास निघतो. बाळंतिणीच्या लाडवांसाठी धावड्याच्या डिंकाला अनेक घरांत विशेष मान आहे. तुपात पडताच खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते, खडा फुलतो आणि हलका, कुरकुरीत होतो. आपल्या स्वयंपाकघराला या डिंकाची ओळख आहे ती एवढी.

हाच धावड्याचा डिंक जगाच्या बाजारात 'गम घाटी' म्हणून ओळखला जातो. शीतपेयांतला सुगंधी तेलाचा अंश पाण्यात टिकवून धरण्यासाठी, तेलात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची भुकटी करण्यासाठी, औषधी मिश्रणे आणि प्रसाधनांची मलमे फाटू नयेत म्हणून तो वापरला जातो. खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धतीत त्याचा क्रमांक ४१९ आहे. म्हणजे झाडावरून घेतलेले एक नाव, वाटेवरून घेतलेले दुसरे आणि तिसऱ्या ठिकाणी नुसता आकडा. 'धावडा'पासून '४१९'पर्यंतच्या या प्रवासात डिंकाचे रेणू बदललेले नाहीत. त्याच्याभोवतीची माणसे मात्र एकेका टप्प्यावर दिसेनाशी होत गेली आहेत. यांतले मधले नाव 'घाटी' असावे, हा ठाणे-मुंबईच्या मराठी माणसाला सहज ओलांडून जाता येणारा योगायोग नाही. ज्या शब्दाने एका डिंकाला जगाच्या बाजारात ओळख मिळाली, त्याच शब्दाने या शहरांत लाखो माणसांना हिणवले गेले. या दोन वापरांमागची रीत एकच होती, असे आमचे प्रतिपादन आहे.

आधी शब्दाकडे पाहू. ज्याला इंग्रजीवरून आपण 'इमल्शन' म्हणतो, त्याला मराठी विश्वकोशाने 'पायस' हा शब्द योजला आणि ते घडवून आणणाऱ्या द्रव्याला 'पायसीकारक' म्हटले. परिभाषा घडवणाऱ्यांवर क्लिष्टतेचा आरोप नेहमी होतो. या शब्दाच्या बाबतीत मात्र तो टिकणार नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'दूध पिळून काढणे' असा आहे, आणि 'पायस' हा शब्दही 'पयस्' म्हणजे दूध यापासूनच आलेला आहे. दशरथाच्या राण्यांना मिळालेले पायस आपल्या कथापरंपरेत सर्वांना ठाऊक आहे. दूध हेच निसर्गातले सर्वांत परिचित पायस होय : पाण्यात स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले, आणि ते एकमेकांना मिळू नयेत अशी आतूनच झालेली व्यवस्था.

ही व्यवस्था डिंक कशी करतो, हेही थोडक्यात सांगायला हवे. तेल आणि पाणी एका बाटलीत घालून कितीही हलवले तरी थोड्या वेळाने तेलाचे थेंब एकमेकांना शोधत वर येतात आणि थर वेगळा होतो. धावड्याच्या डिंकाचा रेणू म्हणजे अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज या शर्करा आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल यांची फांद्याफांद्यांची लांब साखळी असते. तिला प्रथिनांचा अल्पसा अंश जोडलेला असतो. हा प्रथिनांचा अंश तेलाच्या थेंबाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो, आणि शर्करेच्या फांद्या पाण्यात पसरून एका थेंबाला दुसऱ्याजवळ येऊ देत नाहीत. शिवाय पाणी दाट झाल्यामुळे थेंबांची हालचालही मंदावते. डॉक्टर स्वतःच औषध कालवून बाटलीत देत असत, त्या काळातल्या बाटल्या पुष्कळांना आठवत असतील. मात्रेच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला डिंकाने चिकटवलेली असे आणि आतले न विरघळणारे औषध तरंगत ठेवण्यासाठीही बहुधा डिंकच असे. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' ही सूचना म्हणजे त्या डिंकाच्या सामर्थ्याची मर्यादा होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणखी एक जवळचे उदाहरण देता येईल. पोथ्या आणि दप्तरे ज्या काळ्या शाईने लिहिली गेली, ती काजळी, पाणी आणि डिंक यांची असे. काजळी पाण्यात विरघळत नाही. डिंक नसेल तर ती तळाशी बसेल आणि लिहिलेले अक्षर कागदावरून झटकले जाईल. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिलेला आहे, यावरून लेखनसाहित्याकडे किती गंभीरपणे पाहिले जात होते ते दिसते. आपला सारा हस्तलिखित वारसा डिंकाच्या आधाराने टिकला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आता झाडाकडे. धावडा हा सह्याद्रीच्या उतारांवर, सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलांत वाढणारा पानझडी वृक्ष. साल फिकट आणि गुळगुळीत, हिवाळ्यात पाने तांबूस होतात. वनस्पतिशास्त्रात तो दीर्घकाळ 'ॲनोजीसस लॅटिफोलिया' या नावाने ओळखला जात होता. २०१७ मध्ये त्याचे वर्गीकरण बदलून तो ऐन, अर्जुन, हिरडा आणि बेहडा यांच्या 'टर्मिनॅलिया' या प्रजातीत समाविष्ट करण्यात आला. लाकूड कठीण आणि चिवट, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीचे आस यासाठी ते वापरले जाई. इंग्रजीत या झाडाचे रूढ नावच 'आसाच्या लाकडाचे झाड' अशा अर्थाचे आहे. सालीला जखम झाली की डिंक पाझरतो आणि वाऱ्याने वाळून त्याचे खडे होतात. कोरड्या ऋतूत, विशेषतः पावसाळ्यापूर्वीच्या उन्हाळी महिन्यांत, ते खुडायचे, उन्हात वाळवायचे आणि रंगाप्रमाणे निवडायचे. खडा झाडावर जितका जास्त काळ राहील तितका तो काळपट होतो, आणि फिकट खड्याला भाव जास्त. म्हणून ज्याची नजर आणि पायपीट नियमित, त्याचाच माल चांगला ठरतो. हे काम मुख्यतः आदिवासींनी केले, आजही तेच करतात.

या झाडाच्या डिंकाला 'घाटी' हे नाव मिळाले ते घाटांमुळे. डिंक जिथे गोळा होई तिथून बंदरापर्यंत तो डोंगरातल्या घाटवाटांनी उतरे, म्हणून घाटी. या नावाची व्यापारी ग्रंथांत सर्वत्र आढळणारी उपपत्ती ती हीच. मुंबईच्या पेठेत तर हे काटेकोर वनस्पतिनाम नव्हतेच. घाटावरून आलेल्या मालाची ती ढोबळ जात होती, आणि त्या नावाखाली धावड्याबरोबर इतर झाडांचे डिंकही मिसळून येत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने झाड कोणते याला दुय्यम महत्त्व होते. माल कोणत्या दिशेने आला, एवढ्यावरून त्याची प्रत आणि भाव यांचा अंदाज बांधता येत होता.

घाटवाटांनी माल उतरण्याची ही रीत फार जुनी आहे आणि ठाणे-कल्याणचा इतिहास तिच्यावरच उभा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक नाविकांचा ग्रंथ कल्याणला 'कॅलिएना' म्हणतो. तिथे पूर्वी रीतसर व्यापार चाले, पण पुढे तो अडवला गेला आणि तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागले, असे तो नोंदवतो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाट चढला की जुन्नर. त्या घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि जवळच तो दगडी रांजण, जो जकातीचा म्हणून ओळखला जातो. नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे : गायी, घोडे, हत्ती, गावे, हजारो कार्षापण. पाठीवर ओझे घेऊन त्या लेण्यासमोरून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची आणि त्यांच्या ओझ्यात काय होते याची यादी त्यात नाही. शिलालेखाकडून ती अपेक्षा करणेही चूक. परंतु ज्या व्यापाराच्या बळावर ते दान शक्य झाले, त्याचे वाहक अनामिक राहिले, ही गोष्ट इथूनच सुरू होते.

पुढच्या शतकांत या वाटांवर वंजाऱ्यांचे लमाण बैलांचे तांडे लेऊन चालले. खाडीकाठच्या मिठागरांतले मीठ वर जाई आणि देशावरचे धान्य खाली येई. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे गाडीत गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे देशावर पोचली. घाट आता दिवसांऐवजी तासांत उतरता येऊ लागला. डिंकाच्या पोत्यांना हे जसे लागू होते तसेच माणसांनाही.

डिंकाच्या पोत्यांची गोष्ट आधी पुरी करू. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या औषधालयांत, कापडछपाईत आणि मिठाईत मान होता तो 'अरबी डिंका'ला. हे नावही वाटेवरूनच आलेले. तो डिंक मुख्यतः सुदानच्या कोर्दोफान भागातल्या बाभूळवर्गीय झाडांचा; अरबी व्यापाऱ्यांच्या हातून आणि बंदरांतून आला म्हणून अरबी. त्यातही गंमत अशी की तांबड्या समुद्राच्या बंदरांतून मुंबईत आलेला आफ्रिकी डिंक इथे निवडला जाई आणि पुन्हा जहाजावर चढून लंडनला पोचे, तो 'ईस्ट इंडिया गम' या नावाने. आफ्रिकेतले झाड, अरब तांडेल, मुंबईच्या वखारीत निवडणारे हात आणि नाव मात्र ईस्ट इंडियाचे. मालाला शेवटच्या बंदराचे नाव चिकटते आणि त्याआधीचा प्रवास पुसला जातो, हा या धंद्यातला नियमच होता.

१८८१ मध्ये सुदानात महदीचा उठाव सुरू झाला. १८८५ मध्ये खार्टूम पडले आणि १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईपर्यंत तो प्रदेश ब्रिटिश-इजिप्शियन व्यापाराच्या हाताबाहेर राहिला. अरबी डिंकाची आवक आटली आणि पर्यायांचा शोध सुरू झाला. त्या शोधात घाटी डिंकाचे महत्त्व वाढले. मुंबई सरकारच्या औषधी भांडाराशी संबंधित असलेले विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या वनौषधींवर ग्रंथ लिहिला होता, पुढे सी. जे. एच. वॉर्डन आणि डेव्हिड हूपर यांच्यासह त्यांनी 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा तीन खंडांचा ग्रंथ (१८९०–९३) सिद्ध केला. बाजारातल्या देशी नावांना वनस्पतिशास्त्रीय ओळख देण्याचे मोठे काम या ग्रंथांनी केले. त्यानंतर ब्रिटिश औषधिकोशाला भारत आणि वसाहतींसाठी जी पुरवणी जोडण्यात आली, तिच्यात १९०० च्या सुमारास धावड्याच्या डिंकाला 'इंडियन गम' म्हणून, अरबी डिंकाचा पर्याय म्हणून, अधिकृत स्थान मिळाले. त्याचा लगदा अरबी डिंकापेक्षा दाट होतो, त्यामुळे तो कमी लागतो, हेही औषधनिर्मात्यांच्या लक्षात आले होते. एका साम्राज्याच्या युद्धामुळे सह्याद्रीतले झाड औषधिकोशात गेले, पण मूळ वस्तू म्हणून नव्हे, पर्याय म्हणून.

ज्या रेल्वेने ही पोती खाली आणली, तिनेच माणसेही खाली आणली. सातारा, पुणे, नगर, नाशिक या देशावरच्या जिल्ह्यांतून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या हमालीत जी माणसे आली, ती 'घाटावरची' म्हणून 'घाटी' ठरली. आरंभी हा शब्द निव्वळ दिशादर्शक असावा. कोकण्याने देशावरच्याला घाटी म्हणणे हे देशावरच्याने त्याला कोकण्या म्हणण्यासारखेच. परंतु मुंबईत या शब्दाला दुसरे वजन आले. ओझी उचलणारा, भांडी घासणारा, यंत्राजवळ उभा राहणारा तो घाटी. पुढे अशिक्षित, गावंढळ तो घाटी. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या तोंडी कुठलाही मराठी माणूस घाटी. त्यात मूळचे कोकणातलेही सरसकट आले, ज्यांनी घाट पाहिलाही नसेल! पोत्यावर लिहिलेले नाव जसे ढोबळ होते, अनेक झाडांचे डिंक त्यात मिसळलेले असत, तसेच या शब्दात अनेक गावांची, जातींची आणि कौशल्यांची माणसे एकाच भावाने तोलली गेली. माणसाला त्याच्या कामावरून ओळखायचे नसले, की तो कोणत्या वाटेने आला एवढ्यावर भागवता येते. वाटेगावहून पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे याच लोंढ्यातले. त्यांच्यासारख्यांनी आपली गावे, नद्या आणि माणसे नावानिशी लिहिली, ही मराठी साहित्याच्या दृष्टीने किती मोलाची गोष्ट आहे, ते या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

मराठी समीक्षेत 'घाट' हा शब्द आणखी एका अर्थाने येतो : कलाकृतीचे घडलेले रूप, आशयाला मिळालेला आकार. शब्दकोशात हे अर्थ शेजारी शेजारी नांदतात. कादंबरीच्या घाटावर वर्गात तास घेणारे आम्ही आणि आमचे विद्यार्थी 'घाटी' या शब्दाकडे मात्र केवळ शिवी म्हणून पाहतो आणि त्यामागचा इतिहास वाचायचा राहतो. शिवीचाही घाट पाहावा लागतो.

इथे एक प्रतिवाद विचारात घ्यायला हवा. वस्तूंना वाटेवरून नाव पडणे ही सार्वत्रिक भाषिक प्रक्रिया आहे. तिच्यात अन्याय शोधणे म्हणजे व्युत्पत्तीवर नीतिशास्त्र लादणे होय, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. 'घाटी' या नावाने निदान भूगोल तरी जपला. नाहीतर या डिंकाचा आणि सह्याद्रीचा संबंध जगाला कळलाच नसता. परंतु ठाणे जिल्ह्यातच याच्या नेमके उलट घडल्याचे एक उदाहरण आहे, आणि ते पाहिले म्हणजे प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा उरत नाही. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणारे ते कातकरी. इथे वाटेचा संबंध नाही. पदार्थावरून आणि तो करण्याच्या कौशल्यावरून एका जमातीलाच नाव पडले. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरनेही ही व्युत्पत्ती नोंदवली आहे. मग नावात हात जपले गेले म्हणून हात सुरक्षित राहिले काय? १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊ लागली. ठाणे-कुलाबा भागातल्या जंगलविषयक तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला त्यांच्यासाठी वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. खैर सरकारचा झाला आणि कात काढण्याचा पिढीजात धंदा कातकऱ्यांच्या हातून निसटत गेला. पुढे ते कोळसा पाडू लागले, वीटभट्ट्यांवर राबू लागले. ठाणे, कल्याण, भिवंडीच्या वाढत्या वस्तीला लागलेल्या विटांत कातकरी कुटुंबांचे हंगामी स्थलांतर मिसळलेले आहे. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींत कातकऱ्यांची गणना होते. कात गेला आणि नाव उरले.

धावड्याच्या डिंकाचे नाव त्याच्या वेचणाऱ्यांपासून तुटलेले, कातकऱ्यांचे नाव त्यांच्या धंद्यापासून तुटलेले. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : जंगलातल्या पदार्थावर हक्क कोणाचा, याचा निर्णय जंगलाबाहेर होत राहिला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी डहाणू-तलासरी भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात तो इतिहास लिहिला. हे पुस्तक आपण चळवळीचा दस्तऐवज म्हणून शिकवतो. ते गवत कापण्याच्या आणि झाडे तोडण्याच्या मजुरीचे, म्हणजे जंगलातून बाजारात जाणाऱ्या वस्तूंमागच्या हातांचे पुस्तक म्हणूनही वाचता येईल. व्यापारी नाव जे वगळते, ते साहित्य भरून काढू शकते, याचे ते मराठीतले ठळक उदाहरण आहे.

तिसऱ्या नावाकडे, म्हणजे आकड्याकडे, येऊ. १९५५ मध्ये अ‍ॅस्पिनॉल, हर्स्ट आणि विकस्ट्रम यांनी घाटी डिंकाच्या रेणुरचनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि बाजारातल्या एका ढोबळ मालाला रसायनशास्त्रात निश्चित जागा मिळाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला सुरक्षित म्हणून मान्यता दिली, आणि पायसीकारक म्हणून मर्यादाही घातली : मद्यविरहित पेयांत जास्तीत जास्त ०.२ टक्के, अन्य पदार्थांत ०.१ टक्के. आंतरराष्ट्रीय यादीत तो ४१९ झाला. अरबी डिंक ४१४, गवार डिंक ४१२, कांडोळाचा डिंक ४१६, सोयाबीन वगैरेंतून मिळणारे लेसिथिन ३२२, वनस्पती तेलांपासून कारखान्यात बनणारी मोनो आणि डायग्लिसराइडे ४७१. आपल्याकडच्या बिस्किटांच्या आणि आइस्क्रीमच्या वेष्टनावर 'पायसीकारक' किंवा 'इमल्सिफायर' या शब्दापुढे कंसात जे आकडे असतात ते हेच. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत अशी पायसीकारके बनवणारे कारखाने आहेत; म्हणजे जुन्या घाटवाटेच्या पायथ्याशी हा व्यवसाय नव्या रूपात चालूच आहे.

आकड्याचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. तो भाषेपलीकडे चालतो, भेसळ पकडायला उपयोगी पडतो आणि एखाद्या घटकाची बाधा होणाऱ्या माणसाला सावध करतो. '४१९' म्हणजे धावडाच. 'घाटी'सारखा त्यात पाच झाडांचा माल मिसळलेला असू नये, अशी निदान अपेक्षा आहे. तथापि आकडा ज्या क्षणी निश्चित होतो, त्याच क्षणी तो भूगोलही गमावतो. 'घाटी'त घाट तरी होता. ४१९ मध्ये ना झाड, ना वाट, ना हात. एका टोकाला गुणधर्माची अतिशय अचूक माहिती आणि दुसऱ्या टोकाला उगमाविषयी संपूर्ण मौन, असे आधुनिक नामकरणाचे स्वरूप आहे.

हे मौन निरुपद्रवी नसते, हे सुदानने पुन्हा दाखवून दिले आहे. १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर आर्थिक निर्बंध घातले तेव्हा अरबी डिंकाला त्यातून सूट मिळाली, कारण शीतपेये आणि मिठाईच्या उद्योगांचे त्यावाचून अडत होते. वेष्टनावरचा ४१४ वाचणाऱ्या ग्राहकाला त्या आकड्यामागे एखादे युद्ध असू शकते याची कल्पना नसते. एप्रिल २०२३ मध्ये त्या देशात पुन्हा यादवी युद्ध पेटले आणि डिंकाचा व्यापार पुन्हा त्याच्या सावलीत आला. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अशाच एका प्रसंगी सह्याद्रीतल्या डिंकाला मागणी आली होती. तशी ती पुन्हा आली, तर तिचा लाभ कोणाला मिळणार, हा आजचा प्रश्न आहे.

त्याचे कायदेशीर उत्तर उपलब्ध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वनवासींचा मालकी हक्क मान्य केला : ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून हा कायदा प्रत्यक्षात कसा येऊ शकतो ते दाखवले. या कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, तीत बांबू, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, कंदमुळे यांची नावे आहेत. डिंकाचे नाव नाही. अर्थात इमारती लाकूड वगळून वनस्पतिजन्य असे सर्व वनोपज व्याख्येत येत असल्यामुळे हक्काला बाध येत नाही. डिंक 'आणि इतर'मध्ये आहे.

या 'आणि इतर'मध्ये काय काय आहे ते नावानिशी काढून दाखवणे, हे भाषा शिकवणाऱ्यांचे काम आहे, असे आम्हांला वाटते. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या रानांत राहून झाडांची, पक्ष्यांची स्थानिक नावे मराठीत आणली, ती केवळ शब्दसंग्रहाची हौस म्हणून नव्हे. नाव घेता आले की त्या वस्तूचा माग काढता येतो आणि माग काढता आला की हिशेब मागता येतो. नौपाडा या आमच्या परिसराच्या नावातल्या 'नौ'चा अर्थ कोणी कसाही लावो, 'पाडा' हा शब्द मात्र अजून ठाणे-पालघरच्या आदिवासी वस्त्यांचा रोजचा शब्द आहे. तो नावात जपून ठेवणाऱ्या शहराने वेष्टनावर निदान 'धावड्याचा डिंक (४१९)' असे मराठीत छापले जावे एवढा आग्रह धरायला हरकत नाही. वेचणाऱ्या बाईचे नाव त्यावर तरीही येणार नाही. पण झाडाचे नाव आले, तर ते कुठल्या रानात आहे आणि त्याच्याकडे भर उन्हात कोण जाते, हा पुढचा प्रश्न विचारणे वाचकाला शक्य होईल.